घरी उडतो, स्पर्धेत अडतो: घोडा तोच, मग बदललं काय?

घरच्या अरीनात, म्हणजे सरावाच्या मैदानात, एक मीटर उंचीच्या उड्यांचा अख्खा कोर्स (ठरलेल्या क्रमाने मांडलेले अडथळे) विनातक्रार घेणारा घोडा उड्यांच्या स्पर्धेत तिसऱ्या-चौथ्या उडीपुढे चारही पाय रोवून उभा राहतो. पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच. घरी परत आणून बघावं, तर उड्या पुन्हा सुरेख. मग आजूबाजूचे सांगायला लागतात की हा जिद्दी झालाय, दोन चाबूक लावा म्हणजे सरळ येईल.

चाबूक उचलण्याआधी एक प्रश्न विचारा. घर आणि स्पर्धा यांत घोड्याच्या बाजूने नेमकं काय बदलतं? उडीची उंची तर तीच असते. बाकी बदलणाऱ्या गोष्टी कागदावर उतरवून काढल्या की अडण्याचं कारण बहुतेक वेळा त्यातच सापडतं. मला ते सापडायला चार स्पर्धा लागल्या. तुमच्या त्या वाचाव्यात म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझा बादल थरोब्रेड आहे, रेसमधून निवृत्त झालेला. पुणे-मुंबईकडे उड्यांच्या खेळात येणारे पुष्कळ घोडे असेच रेसकोर्सवरून येतात. आला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. वर्षभर जमिनीवरचं काम केलं, मग छोट्या उड्या, मग हळूहळू एक मीटर. घरी कधी अडला नाही. आणि पहिल्याच मोसमात चार राउंडमध्ये चार वेळा अडला. आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्या अडण्याला 4 दंडगुण लागतात आणि दुसऱ्याला घोडा बाद होतो. स्वार पडला तरी बाद. मी एकदा दुसऱ्या अडण्याने बाद झाले, एकदा त्याच्या मानेवरून पुढे जाऊन.

आधी वही काढा

"अडला" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कसा अडला ते लिहा. उडी दिसताच लांबूनच कॅंटर (मध्यम धाव) मोडायला लागला, की शेवटच्या पावलापर्यंत नीट आला आणि तिथे थांबला? की थांबला नाहीच, बगल देऊन बाजूने निघून गेला? बगल कोणत्या बाजूला दिली? उडी व्हर्टिकल (एकावर एक सरळ लावलेले पोल) होती की रुंद ऑक्सर (पुढे-मागे दोन पोल असलेली)? आधीचं वळण डावं की उजवं? उडीची दिशा दाराकडे होती की दारापासून लांब? घोडा त्या वेळी किती वेळ खोगिराखाली होता?

लांबून वेग मोडणारा घोडा बहुधा घाबरलेला असतो किंवा त्याला कुठेतरी दुखत असतं. शेवटच्या पावलाला थांबणाऱ्याला पुष्कळदा अंतर चुकलेलं असतं, म्हणजे तो प्रामाणिकपणे आला पण उडायला जागा बरोबर मिळाली नाही. नेहमी एकाच बाजूला बगल देणाऱ्याचं कारण त्या बाजूच्या अंगात किंवा स्वाराच्या हातात शोधावं. हे काही पक्के नियम नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

माझ्या वहीत चार नोंदी जमल्यावर दिसलं, की चारपैकी तीन वेळा तो ऑक्सरपुढे अडला होता. आणि तिन्ही वेळा आधी कान मागे गेले होते. व्हिडिओ हळू करून पाहिल्यावर ते कान दिसले. राउंड चालू असताना मला काहीच कळलं नव्हतं.

दुखणं सगळ्यात आधी

शिकवून सुटणारा प्रश्न आहे की डॉक्टरांनी सोडवायचा, हे ठरल्याशिवाय एकही उडी जास्तीची घेऊ नका. दुखणाऱ्या घोड्याला सराव दिला तर तो दुखण्याचाच सराव होतो.

खोगिरापासून सुरुवात करते, कारण आमचं उत्तर तिथेच होतं. रोजच्या कामाला मी एक जुनं, रुंद बांधणीचं खोगीर वापरत होते. स्पर्धेसाठी वेगळं, चांगल्या चामड्याचं जंपिंग खोगीर ठेवलं होतं. ते बादल नुकताच आला तेव्हा त्याच्या मापाने घेतलेलं. चौथ्या स्पर्धेनंतर सईसकाकांनी खोगीर उतरवलं, त्याखालचा नमदा उचलला आणि मला हाक मारली, "ताई, इकडे या. हे बघा." पाठ घामाने ओली होती, आणि त्या ओल्या पट्ट्यात दोन्ही खांद्यांच्या मागे, विदर्सच्या (मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्याच्या) खाली, तळहाताएवढे दोन कोरडे ठिपके होते. काकांनी तिथे दोन बोटं टेकवून हलका दाब दिला. बादलने पाठ खाली घेतली आणि मान वळवून काकांच्या बाहीकडे तोंड नेलं. घरच्या खोगिराखाली असे ठिपके कधीच नव्हते.

वर्षभरात त्याच्या खांद्यामागे चांगला मांस-स्नायू भरला होता. घोडा रुंद झाला, खोगीर होतं तेवढंच राहिलं. जमिनीवर चालताना ते कसंबसं चालून जायचं. ऑक्सरवर मात्र घोड्याला खांदे वर आणि मागे घ्यावे लागतात, पाठ गोल करावी लागते, तेव्हा खोगिराच्या कमानीची टोकं खांद्याच्या पात्यात रुतत होती. घरी तो उडत होता कारण घरी दुखत नव्हतं, एवढं ते सरळ होतं.

कोरडा ठिपका दिसला म्हणजे दाबच आहे असं मात्र लगेच धरू नका. जास्त दाबामुळे तिथे घाम येत नाही हे एक कारण, आणि तिथे खोगीर टेकतच नाही हे दुसरं. म्हणून हाताने दाबून बघा आणि घोडा काय सांगतो ते पाहा. स्वार बसलेला असताना खोगिराच्या पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं मोकळी जायला हवीत. खांद्यावरून तळहात खोगिराच्या पॅडखाली सरकवताना कुठे अडकत असेल, तर ते आवळतंय. पाठीवर नव्याने पांढरे केस उगवलेले दिसले, तर त्रास पुष्कळ दिवसांचा आहे. आणि घोड्याचं अंग वर्षभर एकसारखं राहत नाही, त्यामुळे दर मोसमाला हे पुन्हा तपासावं लागतं. जाड नमदा घालून तोडगा काढू नका. घट्ट बुटात दुसरा मोजा घातल्यासारखं होतं ते.

खोगीर ठीक असेल तर पायांकडे वळा. आपल्याकडे स्पर्धांचा मोसम थंडीतला, पावसाळ्यात मऊ असलेली मैदानं तोवर कडक होत गेलेली असतात. घरी वाळूवर उतरणारा घोडा तिथे दगडासारख्या मातीवर उतरतो. पुढच्या खुरांत थोडं जरी दुखणं असेल, तर उडी मारण्यापेक्षा उतरण्याचीच त्याला धास्ती वाटते. कडक जमिनीवर लहान वर्तुळात दोन्ही बाजूंना ट्रॉट (दुडकी चाल) करवून मानेकडे पाहा. दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर जाते. नालबंदाला पाच-सहा आठवड्यांनी बोलावता ना? स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवीन नाल मारू नका, निदान आठवडाभर आधी उरकून घ्या.

दात वर्षातून एकदा तरी तपासलेले असावेत. घरी आपण साधी बिट (लगामाची तोंडातली सळई) लावतो आणि स्पर्धेत ताबा हवा म्हणून कडक बिट चढवतो. हा आणखी एक फरक वहीत लिहायचा. उडीआधी लगाम जरा जोरात लागला की तोंड दुखतं, आणि मग घोडा थांबला तर तो आपलंच ऐकत असतो.

पोटातले व्रण आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाहीत. घोड्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र तयार होतं, खाल्लं किंवा नाही खाल्लं तरी. रिकाम्या पोटी कॅंटर केला की ते आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळतं. स्पर्धेच्या दिवशी आपण काय करतो? पहाटे ट्रक, चंदीची वेळ चुकलेली, चारा नाही, वर प्रवासाचा ताण. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणं, चंदी अर्धी टाकणं, केसांची चमक जाणं ही लक्षणं दिसली, तर डॉक्टरांना जठराची दुर्बीण करायला सांगा. तोवर एवढं करा की स्वारीच्या अर्धा तास आधी दोन मुठी लसूणघास द्या. त्यातल्या कॅल्शियममुळे आम्लाचा जोर कमी होतो आणि पोटही रिकामं राहत नाही.

वेदनाशामक देऊन राउंड मारण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. औषध नियमात बसत नाही हा एक भाग. पण दुखणं झाकून त्याला उडवलं तर त्याला सांगता येणारी एकमेव गोष्टही आपण काढून घेतो.

खोगीर बदललं, तरीही एकदा अडला

मला वाटलं होतं, नवं खोगीर आलं की प्रश्न मिटला. पुढच्या स्पर्धेत तो दुसऱ्या लाइनच्या (एका रेषेत मांडलेल्या उड्यांच्या) शेवटी पुन्हा थांबला. या वेळी कान मागे नव्हते. शेवटच्या पावलापर्यंत आला आणि जागा न मिळाल्याने थांबला. ही चूक माझी होती आणि ती अंतराची होती.

उड्यांमधलं अंतर साधारण 12 फुटांच्या कॅंटर स्ट्राइडवर (कॅंटरमधल्या घोड्याच्या एका पूर्ण पावलावर) मोजतात. उतरायला 6 फूट, पुढच्या उडीसाठी 6 फूट, मध्ये प्रत्येक स्ट्राइडला 12 फूट. म्हणजे एका स्ट्राइडची जोडी 24 फुटांची, पाच स्ट्राइडची लाइन 72 फुटांची. आता घरची गोष्ट. आमची अरीना लहान, त्यामुळे लाइन आखडून लावायची सवय. कॅंटरही आखूड, 11 फुटांच्या आसपास. घरी सगळं जमून यायचं. स्पर्धेत 72 फुटांच्या लाइनवर तोच आखूड कॅंटर घेऊन गेलं की पाच स्ट्राइडमध्ये 60 ऐवजी 55 फूटच कापले जातात. 6 फुटांवरून उडायचं तिथे घोडा 11 फूट लांब असतो. तिथून ऑक्सर घ्यायचा म्हणजे विश्वासाने झेप टाकावी लागते. नाहीतर एक चिमुकलं सहावं पाऊल घुसवावं लागतं, आणि मग नाक पोलला टेकतं. ज्या घोड्याला महिनाभरापूर्वीपर्यंत ऑक्सरवर दुखत होतं, तो थांबणारच.

यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली वेगाची. अनेक स्पर्धांत वेग मिनिटाला 350 मीटर ठेवलेला असतो. मोकळ्या मैदानावर 175 मीटर मोजून दोन खुणा करा आणि ते अंतर बरोबर 30 सेकंदांत कापा. पहिल्या दिवशी मला 38 सेकंद लागले. मला वाटत होतं मी चांगलीच पळवते आहे. आठवडाभर फक्त हा वेग अंगात मुरवला, एकही उडी न लावता. बादल रेसचा घोडा, तरी माझ्या हातांनी त्याला इतकं आखडून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट जमिनीवरच्या पोलची. दोन पोल 60 फुटांवर ठेवा आणि मधल्या स्ट्राइड मोठ्याने मोजा. आकडा किती येतो त्यापेक्षा तो दर वेळी तोच येतो का, हे महत्त्वाचं. तो स्थिर झाला की त्याच अंतरात एक स्ट्राइड कमी करून बघा, मग एक वाढवून. घोड्याच्या पायांना यात फारसा ताण नाही, म्हणून आठवड्यातून तीन वेळा करता येतं. कोर्स वॉक (राउंडआधी स्वाराने पायी फिरून उड्या बघणं) करताना पावलं मोजायची सवयही इथेच लावा. तुमचं एक पाऊल 3 फुटांचं पडलं की चार पावलांची एक स्ट्राइड. घरात टेपने 12 फूट आखून रोज चालून बघा. मी अजूनही बघते, कारण थकलं की पाऊल आखूड पडतं.

त्यानंतर स्वार. व्हिडिओत मला आणखी एक गोष्ट दिसली. उडीच्या तीन पावलं आधी मी पोलकडे खाली बघत होते, खांदे पुढे जात होते आणि लगाम एकदम सैल सुटत होता. घोड्याच्या पाठीवर ते असं पोचतं की इतका वेळ सोबत असलेलं माणूस नेमकं गरजेच्या क्षणी निघून गेलं. घरी हे होत नव्हतं, कारण घरी मला अडण्याची भीती नव्हती. मांड खोगिरात, पोटऱ्या लागलेल्या, नजर उडीच्या पलीकडच्या एखाद्या झाडावर. शिकवणाऱ्या बाई पलीकडे उभ्या राहून बोटं वर करायच्या आणि किती बोटं ते मला उडी घेताना ओरडून सांगायचं असायचं. जोडीला ट्रॉटमध्ये एक क्रॉस (फुलीसारखे लावलेले दोन पोल) आणि 18 फुटांवर छोटा व्हर्टिकल, एवढं साधं ग्रिड. ग्रिडमध्ये अंतर आधीच बरोबर लावलेलं असतं, त्यामुळे घोडा उडीवर आणि स्वार फक्त स्वतःच्या बसण्यावर लक्ष देऊ शकतो.

रेसकोर्सवरून आलेल्यांसाठी

मुंबई-पुण्याच्या रेस उजव्या हाताने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात. असा घोडा वर्षानुवर्षं उजवीकडे वळत पळालेला असतो. डावं वळण त्याला ताठ जातं, खांदा बाहेर पडतो, आणि वळण संपून उडी समोर येते तेव्हा तो तिरका असतो. बगल देणं मग सोपंच. तुमच्या वहीत बगला सगळ्या डाव्या वळणानंतरच्या असतील तर महिनाभर डाव्या हाताची वर्तुळं, डावी लीड (कॅंटरमध्ये डावा पाय पुढे), आणि वळणानंतर सरळ जायला जमिनीवर दोन पोलची गल्ली. उडी छोटीच राहू द्या.

घोड्याला काय दिसतं

डोळे बाजूंना असल्याने घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोर आंधळी जागा राहते. उडीच्या शेवटच्या क्षणी पोल त्या जागेत जातो, म्हणून त्याला तो आधीच नीट बघून ठेवावा लागतो आणि त्यासाठी मान मोकळी लागते. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा-पिवळा ओळखतो, तांबडा आणि हिरवा यांत त्याचा घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये रेसच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग याच कारणाने बदलून पांढरा केला गेला. एक्सेटर विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं होतं की हिरवळीवर नारिंगी पट्टी घोड्याला उठून दिसत नाही. तेव्हा हिरव्या मैदानावर लाल पोलपुढे घोडा चाचरला, तर त्याला खरंच उशिरा दिसलेलं असू शकतं. उन्हातून सावलीत गेल्यावर त्याचे डोळे सरावायलाही आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. झाडाच्या गडद सावलीतली उडी कोर्स वॉकमध्येच हेरून ठेवा, आणि तुमच्या राउंडच्या वेळी सावली कुठे असेल याचाही अंदाज घ्या.

फिलर (पोलखाली लावलेल्या रंगीत फळ्या), भिंती, फुलांच्या कुंड्या, पाण्याचा निळा ट्रे हे घरी नसतं आणि तिथे असतं. त्यासाठी पैसे खर्चायची गरज नाही. रंगवलेले जुने पिंप, शेवंतीच्या कुंड्या आणि निळी ताडपत्री पुरते. ताडपत्री आधी घडी घालून जमिनीवर ठेवा आणि हातात धरून घोड्याला त्यावरून चालवा. घाई नको, हुंगू द्या. दुसऱ्या दिवशी घडी एक पदर उघडा. मग सरावलेल्या घोड्याच्या मागून जाऊ द्या. मग 40 सेंटिमीटरच्या क्रॉसखाली ठेवा. बादलला यात नऊ दिवस लागले, आणि सहाव्या दिवशी वाऱ्याने ताडपत्री फडफडल्यामुळे दोन पायऱ्या मागे जावं लागलं.

स्पर्धेच्या दिवशी

जमेल तर आदल्या दिवशी पोचा, म्हणजे घोडा तिथे एक रात्र काढतो. घरचा चारा सोबत न्या, आणि अनोळखी पाणी पीत नसेल तर घरच्या पाण्याचे दोन कॅनही.

आमची मोठी चूक वॉर्म-अपची होती. घाबरून मी वीस-बावीस उड्या घ्यायचे आणि नंतर नंबर येईपर्यंत उन्हात अर्धा तास उभं राहायचे. आत जाईपर्यंत घोड्यातला उत्साह संपलेला असायचा. आता आठ-दहा उड्यांच्या पुढे जात नाही. आपल्या आधी किती घोडे आहेत ते सईसकाका दाराशी मोजतात आणि सात उरले की मला खूण करतात. शेवटची उडी मी चांगली पडलेली घेते आणि तिथे थांबते.

आत गेल्यावर घंटेनंतर 45 सेकंद मिळतात. त्यात घोड्याला ज्या कोपऱ्यात तो दचकेल असं वाटतं, तिथून कॅंटर करत जा. पण एखाद्या उडीपुढे नेऊन उभं करून ती दाखवू नका, त्यासाठी बाद केलं जातं. राउंडमध्ये अडलाच, तर लांब फेरी मारू नका. ओरडू नका, लगाम ओढू नका. जवळच वळा, तीन-चार ठाम स्ट्राइडमध्ये पाय लावून परत या. अडताना उडी पडली असेल तर घंटेची वाट बघा. घंटा वाजण्याआधी ती उडी घेतलीत तर तिथेच बाद.

दुखण्याची आठवण घोडा लवकर विसरत नाही. म्हणून खोगीर बदलल्यावर आणि अंतरं सुधारल्यावर मी लगेच एक मीटरला गेले नाही. दोन स्पर्धा 80 सेंटिमीटरच्या वर्गात, बक्षिसाची आशा न ठेवता उतरवला, फक्त आत जाऊन सगळ्या उड्या घेऊन बाहेर यायचं. मग एक 90 ची. एक मीटरला परत गेलो तेव्हा चौथी उडी ऑक्सर होती, डाव्या वळणानंतर. एक पोल पडला, 4 दंडगुण. बाहेर आल्यावर काकांनी खोगीर उतरवलं, नमदा उचलला आणि आम्ही दोघांनी आधी पाठ पाहिली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी ओली होती.